रामकुंडावरच्या गुरुजींना

गुरुजी, सा. न. वि. वि.

मी तुम्हाला आठवायचं काही कारण नाही. घाटावर रोज कितीतरी माणसं अशीच तोंडं घेऊन येतात. तरी एक खूण सांगते. गेल्या पौषात, थंडी मी म्हणत असताना, दोन कलश घेऊन एकटीच आलेली बाई. एक कलश नवाकोरा, आईचा. दुसरा बाबांचा, त्यावरच्या लाल फडक्याचा रंग उडून पार गुलाबी झालेला. ती मी.

दुसरा कलश एवढा जुना कसा, हे तुम्ही विचारलं नाहीत. आता सांगते. बाबा २०२१च्या एप्रिलमध्ये गेले, दुसऱ्या लाटेत. चेहराही बघायला मिळाला नाही, हातात आला तो कलशच. घरात ठेवत नाहीत म्हणून बाल्कनीतल्या खुंटीला टांगला. पुढे सगळं सुरळीत झाल्यावर नाशिकला जाऊन येऊ म्हटलं की आई म्हणायची, "राहू दे. माझ्याबरोबरच ने त्यांना. एकट्याला सुचायचं नाही." एसटीत जन्म गेला कंडक्टरकीत, अख्ख्या गाडीला उतरायचे थांबे सांगितले, आणि म्हणे एकट्याला सुचायचं नाही! पण आईचं ते तसंच होतं. पावणेचार वर्षं रोज तुळशीला पाणी घालताना ती खुंटीकडे बघून "चहा झाला हो" म्हणायची. मीही कधी हसले नाही त्याला.

मग आईही गेली, आणि खरा तमाशा सुरू झाला. आमच्याकडे गणपतीला, सत्यनारायणाला येणाऱ्या भटजींना फोन केला. त्यांनी विचारलं, मुलगा? नाही. जावई? लग्न केलं नाही मी. मग पुतण्या कोणी? तो असला तरच या, नाहीतर "आत्म्याला गती मिळत नाही ताई". गतीचं मला काय कळणार, पण पुतण्याची गती मला चांगली ठाऊक होती. माझ्या चुलतभावाला फोन केला तर त्याचं ऑडिट चालू होतं. सुट्टी मिळणं शक्यच नव्हतं. हाच भाऊ दिवाळीनंतर एका शनिवारी सकाळी सातला कल्याणला दारात हजर होता. हातात पेढे, पिशवीत हक्कसोडपत्र. येवल्याकडची चार एकर. सहीला मी चालत होते, कारण माझ्या सहीशिवाय त्याचं अडत होतं. महाराष्ट्रात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क १९९४ साली कायद्यात आला, देशभर २००५ साली. पिंडाचा कायदा अजून तलाठ्याकडे पोचलेला दिसत नाही.

असो. सही मी केली नाही, तो विषय वेगळा.

घाटावर आले तेव्हा रिक्षातून उतरायच्या आतच दोघे मागे लागले. एकाने तर पॅकेज सांगितलं, फोटोंसकट. मला काही सुचेना, म्हणून कपालेश्वराच्या पायऱ्यांखाली चहा घेत उभी राहिले. चहावाल्याने कलश पाहिले, गाव विचारलं आणि म्हणाला, "येवल्याकडच्या घराण्यांच्या नोंदींच्या वह्या अमक्या गुरुजींच्या घरी. थांबा, बोलावतो." चहाचे पैसे त्याने घेतले नाहीत. त्यालाही माझा नमस्कार सांगा.

तुम्ही आलात. आडनाव विचारलंत, मूळ गाव विचारलंत, आजोबांचं नाव विचारलंत. चौथा प्रश्न तोच येणार म्हणून मी आधीच बोलून टाकलं, "मुलगा नाही. मीच आहे. चालत नसेल तर आत्ताच सांगा." आवाज चढला होता माझा, माफ करा. तुम्ही उपरणं सारखं करत एवढंच म्हणालात, "रामाने दशरथाचं श्राद्ध इथे केलं म्हणतात. पण गयेला राम यायच्या आत सीतामाईने वाळूचा पिंड दिला, तो दशरथाने हात पुढे करून घेतला. सुनेचा चालला, मग लेकीला कोण अडवतंय? बसा."

विधीचं काय लिहू? ते तुम्हाला पाठ आहे आणि मला त्यातलं निम्मं आठवत नाही. पाण्यात उतरले तेव्हा पाय बधिर झाले, एवढं आठवतं. समोर दुतोंड्या मारुती होता. नाशिकला रात्रीचा मुक्काम पडला की बाबा पहाटे गंगेवर यायचे. गोदावरी म्हणायचं नाही, गंगाच. पावसाळ्यात घरी परतले की गावातल्यासारखंच सांगायचे, "आज दुतोंड्याच्या कमरेपर्यंत होतं पाणी." आईला तो मारुती कुठला हे शेवटपर्यंत माहीत नव्हतं, पण तीही शेजारणीला सांगायची, कमरेपर्यंत आलंय म्हणून.

मला लिहायचंय ते वहीबद्दल.

तुमच्या नातवाने स्कूटरवरून ती आणली. लांबट, लाल कापडात बांधलेली, कडा उंदराने कुरतडल्यासारख्या. सुरुवातीची पानं मोडीत होती. तुम्ही ती वर्तमानपत्र वाचावं तशी वाचलीत आणि माझ्या खापरपणजोबांवर बोट ठेवलंत. मग बाळबोध सुरू झालं. १९७९च्या पानावर आजोबांच्या अस्थी घेऊन आलेल्या बाबांची सही होती. तिरकी, शेवटच्या अक्षराची रेघ शेपटीसारखी ओढलेली. आयुष्यभर वेबिलं, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचे कागद, भरली त्यांनी, ती ह्याच अक्षरात. मी तेव्हा जन्मलेसुद्धा नव्हते.

पुढचं पान १९९६चं. आजी गेली तेव्हाचं. त्या वेळी थोरले काका आले होते, बाबांना रजा नव्हती. काकांनी घराणं सांगितलेलं, तुमच्या वडिलांनी लिहिलेलं. थोरले काका, त्यांचे दोन मुलगे, नावानिशी. बाबांच्या नावापुढे तुम्ही वाचता वाचता थांबलात. मी वाकून पाहिलं. लिहिलं होतं, "संतान नाही."

१९९६ साली मी आठवीत होते गुरुजी. आजीच्या तेराव्याला त्याच घरात मी पंगतीत वाढत होते. काकांच्या पानात मीच दोनदा कढी वाढली होती.

तुम्ही काही बोलला नाहीत. काकांना नावं ठेवली नाहीत, माझी समजूतही घातली नाहीत. वाऱ्याने पान उडत होतं, त्यावर तांब्या ठेवलात आणि वही फिरवून माझ्यापुढे केलीत. "आम्ही खाडाखोड करत नाही," तुम्ही म्हणालात, "खाली लिहा. तुमच्या हाताने. आधी आईचं, बाबांचं, मग कन्या म्हणून तुमचं." आणि बंडीच्या खिशातून पेन काढलंत. साधं निळं बॉलपेन. टोपण काढून स्वतःच्या मुठीत ठेवलंत आणि नुसतं पेन माझ्या हातात दिलंत.

तिथे माझा बांध फुटला. तुम्हाला वाटलं असेल, वहीतलं वाचून रडतेय. नाही हो. ते वाचून मला नुसता संताप आला होता. बाबा असंच करायचे. गाडीत कोणी पेन मागितलं की टोपण आपल्याकडे ठेवून पेन द्यायचे, म्हणजे माणूस विसरून उतरत नाही. "पेन गेलं की वेबिल अडलं," म्हणायचे. मला शाळेत सोडतानाही हीच शिकवण, टोपण देऊ नकोस. माझ्या ऑफिसात सगळे हसतात मला त्यावरून. बाबांसारखं टोपण मुठीत धरलेला हात मी पावणेचार वर्षांनी पाहिला.

मला लिहायला फार वेळ लागला. मागे साताऱ्याकडची माणसं थांबली होती, त्यातल्या एकाने घड्याळ पाहिलं. तुम्ही त्यांना म्हणालात, "दोन मिनिटं, घरातलं लिहिणं चाललंय." घाई करायला लावणारे फार भेटले त्या दिवसांत. हॉस्पिटलात बिलाची घाई, स्मशानात पुढच्या नंबरची घाई, नातेवाइकांना परतीच्या गाडीची घाई. तुम्हालाही पोट आहे, पुढचं गिऱ्हाईक आहे. तरी एका बाईला चार ओळी लिहायला लागला तेवढा वेळ तुम्ही दिलात, आणि दक्षिणा न मोजता पंचाखाली सरकवलीत. रीत कुठली आणि माणुसकी कुठली, हे तुमच्याकडे बघून वेगळं काढता येत नव्हतं. आमच्या भटजींना शास्त्र तुमच्याइतकंच येत असेल, कदाचित जास्तच.

आज सर्वपित्री. गवार, भोपळा, आमसुलाची चटणी, वडे, खीर, सगळं मीच केलं. गॅलरीत त्याच खुंटीखाली पान ठेवलं. कावळा आला, पण आधी वडा उचलून गेला, खिरीकडे बघितलंही नाही. बाबाच.

आणि हो. कल्याणला येऊन पर्स उघडली तर तुमचं पेन आत. एवढी खबरदारी घेऊनही मी घेऊन आलेच. टोपण तुमच्याकडे आहे, तेवढं जपून ठेवा. पुढच्या खेपेला येते.

आपली,
येवल्याकडची, दोन कलशवाली