कराडजवळच्या त्या काकांचे आणि पंपावरच्या मुलांचे आभार

परवा रात्री पुणे-कोल्हापूर महामार्गावर, कराडच्या थोडं अलीकडे, बॅटरीचा लाल दिवा लागला आणि हेडलाइट मंदावत गेले. गाडीत आईवडील होते. पेट्रोल पंपावरच्या ज्या मुलांनी गाडी ढकलत उजेडात आणली, आईला बसायला खुर्ची दिली, त्यांचे मनापासून आभार.

आणि ऑटो इलेक्ट्रिशियन काका, तुमचे किती मानू? फोनवर एका गॅरेजने नव्या अल्टरनेटरचे (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) १४,५०० रुपये सांगितले होते. तुम्ही आधी मीटर लावलात. इंजिन चालू असताना १४ व्होल्टच्या आसपास हवेत, इथे १२सुद्धा भरत नव्हते. बेल्ट पाहिलात, मग अल्टरनेटर उतरवून खोललात. आतल्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश पार झिजलेले, व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर गेलेला. कॉइल, डायोड, बेअरिंग मात्र ठणठणीत. बिघडलं तेवढंच बदललंत आणि मजुरीसकट २,२०० रुपये घेतलेत. जुने ब्रश माझ्या हातावर ठेवून दाखवलेत. कॉइल जळली असती तर नवाच घ्यायला सांगितलं असतं, हेही स्पष्ट बोललात. इतका सचोटीचा कारागीर भेटायला भाग्य लागतं. चहाचे पैसेही तुम्हीच दिलेत. पुढच्या खेपेला घरचे आंबे घेऊन येतोय काका, नाही म्हणू नका.