गजाननास पत्र : पंपाच्या धंद्यात आलेला प्रस्ताव

तालुका घाटंजी, जिल्हा यवतमाळ
कोजागिरीनंतरचा रविवार

प्रिय गजानन,

सप्रेम नमस्कार.

इकडे सर्व ठीक आहे. बाबांचा गुडघा आहे तसाच आहे, आईची साखर आटोक्यात आहे, आणि पावसाने शेवटी शेवटी सोयाबीनचे हाल केले असले तरी पऱ्हाटी बरी उभी आहे. पोळ्यापासून तुला पत्र नाही, याची रुखरुख होतीच; पण आज लिहायला बसलो ते एका प्रस्तावासाठी. फोनवर तू दुसऱ्या वाक्यालाच निकाल देऊन मोकळा होतोस, म्हणून हे सगळे सलग वाचून मगच बोल.

मागच्या आठवड्यात पिकांवर फवारायच्या टॉनिकच्या एका कंपनीचा माणूस घरी येऊन गेला. मोठ्या गाडीतून आला, बाबांच्या पाया पडला, आईच्या हातचे पोहे खाल्ले आणि मग मुद्द्यावर आला. महिन्याला आपल्या फवारणी पंप दुरुस्तीच्या चॅनलवरच्या तीन व्हिडिओंच्या शेवटी त्यांच्या टॉनिकचे नाव घ्यायचे, बाटली कॅमेऱ्यासमोर धरायची आणि एका पंपाला किती मिली टाकायचे ते सांगायचे. करार वर्षाचा. त्याने सांगितलेला महिन्याचा आकडा असा आहे की दुरुस्तीचे संच विकून अख्ख्या खरिपात मला जे सुटते, ते जवळजवळ तेवढेच भरते. जाताना तो म्हणाला, "फक्त जाहिरात आहे असे म्हणू नका, स्वतःचा अनुभव म्हणून सांगा." तेव्हापासून मला नीट झोप लागलेली नाही.

हे दुसऱ्या कोणाला सांगावे तर त्याला यात अडचण कोणती तेच कळत नाही. मामा म्हणतात, लक्ष्मी दारात आली आहे. तुला मात्र आपल्या साइटचे पहिले पान कशातून निघाले ते ठाऊक आहे. 2017 च्या त्या खरिपात पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, फवारा मारणाऱ्याच्याच अंगावर येत होता, आणि आपल्या जिल्ह्यात विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, शेकडो दवाखान्यांत पडून होती. दवाखान्यात तुझ्या दादांच्या खाटेशी बसून तू मला विचारले होतेस, "नोझल बुजले तर ते तोंडाने फुंकायचे नाही, हे या माणसाला आजवर कोणी सांगितले होते काय?" त्या रात्री माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढे आपण जे लिहिले ते त्याच प्रश्नाचे उत्तर होते : फवाऱ्याच्या टोकाचे नोझल काढावे, साध्या पाण्यात बुडवून ठेवावे, जुन्या टूथब्रशने घासावे, तार किंवा टाचणी घालू नये, कारण छिद्र मोठे झाले की थेंब मोठा पडतो, औषध जास्त जाते आणि पाते एकसारखे भिजत नाही, आणि काही झाले तरी तोंड लावू नये. आजही सर्वांत जास्त लोक तेच पान उघडतात.

यवतमाळच्या बसस्थानकावरचे आपले भांडण मी विसरलेलो नाही, आणि तूही विसरला नसशील. नोकरभरती, पीएम किसानचा हप्ता, राशिभविष्य, मोबाईल, सगळे एकाच ठिकाणी द्यावे, असा तुझा हट्ट होता, कारण लोक तेच शोधतात. लोक तेच शोधतात हे खरे होते. पण त्याच बातमीवर मोठमोठी वर्तमानपत्रे बसलेली होती आणि गूगलच्या शोधात आपला नंबर कुठे तरी आठव्या पानावर लागत होता. शिवाय हप्ता खात्यात पडला की वाचणारा निघून जातो; त्याला विकावे असे आपल्याजवळ काहीच नसते. पंप बंद पडलेल्या माणसाचे तसे नाही. तो वावरात उभा असतो, औषध कालवून झालेले असते, मजूर लावलेले असतात, वर आभाळ भरून आलेले असते आणि त्याला दहा मिनिटांत उत्तर पाहिजे असते. ज्याच्या उत्तराने त्याचा पंप चालू झाला त्याचा नंबर तो जपून ठेवतो. त्या दिवशी मी हेच सांगत होतो आणि आजही माझे मत तेच आहे.

मात्र एक श्रेय तुझे आहे आणि ते मी सगळ्यांना सांगतो. "शेतकरी बोलतो तसेच मथळे दे," हे तू म्हणाला होतास. मी "बॅटरीचलित फवारणी यंत्रातील दाबाच्या समस्या" असे काही तरी लिहून ठेवले होते; ते तू खोडून "मोटर चालते पण पाणी येत नाही" केलेस. लोक फोनमध्ये हुबेहूब हेच शब्द बोलतात. लोक काय शोधून आपल्याकडे येतात ते दाखवणाऱ्या गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये हे वाक्य पहिल्यांदा दिसले तेव्हा मी तुला रात्री साडेअकराला उठवले होते. त्यानंतर मी एका बिघाडाला एक पान असाच नेम ठेवला. चाळणी तुंबली, नळी सैल होऊन हवा ओढली जाते, औषध वाळून डायफ्रामच्या, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या रबरी पडद्याच्या, झडपा चिकटल्या, प्रेशर स्विच गेला, ट्रिगरमधून गळते, चार्जर लागतो पण बॅटरी धरत नाही. प्रत्येक पानावर माझ्याच अंगणात काढलेले फोटो आहेत, बोट नेमके कुठे लावायचे ते दाखवणारे.

पहिली दोन खरिपे हाती काहीच लागले नाही, हे तू पाहिलेस. त्याच काळात तू चाकणला नोकरीला गेलास, आणि त्याबद्दल माझ्या मनात कधीच काही नव्हते. पाने दिसू लागतात पण कोणी उघडत नाही, असा एक लांब काळ जातो. तिसऱ्या पानावरून पहिल्यावर यायला मला मृगाआधी दर वर्षी जुनी पाने पुन्हा लिहावी लागली. बाजारात नवा पंप आला की त्याचा फोटो घालायचा, ज्या वाक्यावर लोकांचे पुन्हा पुन्हा फोन येतात ते वाक्य सोपे करायचे. यूट्यूबची अट 1000 सदस्यांची आणि बारा महिन्यांत 4000 तासांची. तिच्यातले तासच भरता भरत नव्हते, कारण पंप दुरुस्त झाला की माणूस व्हिडिओ अर्धाच सोडून फवारायला जातो. दहा डॉलर जमल्यावर पत्ता पडताळणीचे गूगलचे पत्र टपालाने आले, तेव्हा पोस्टातल्या काकांनी ते बाजारच्या दिवशी चारचौघांत हातात दिले आणि मामांनी मला नोकरीचा कॉल आला असे समजून गावभर पेढे कबूल करून टाकले. पेढे शेवटी तुझ्याच पैशाचे आले, ते आठवते का?

जाहिरातींवर घर चालत नाही. शंभर डॉलर जमल्याशिवाय ते पैसे पाठवत नाहीत आणि उन्हाळ्यात शंभर जमायला महिने लागतात. घर चालले ते सुट्या भागांवर. त्यातही चाळीस रुपयांचे नोझल पाठवायला टपालखर्चच त्याहून जास्त, म्हणून नोझल, वॉशर, चाळणी, ट्रिगर आणि डायफ्राम यांचा एक संच केला. तेव्हा कुठे पार्सलचा खर्च भागून हातात काही उरू लागले. पैसे माल मिळाल्यावर देण्याची सोय मी पुढे बंदच केली. पाऊस लागला की लोक पार्सल सोडवत नाहीत आणि जाण्यायेण्याचे भाडे आपल्या अंगावर पडते. आता आगाऊ पैसे घेतो, आणि लोक देतात. ज्याने फोनवर त्याचा पंप फुकट चालू करून दिला, त्याच्यावर पाचशे रुपयांसाठी ते अविश्वास दाखवत नाहीत. जीएसटीची नोंदणी नसल्यामुळे माल राज्याबाहेर पाठवत नाही, पण राज्यातच कापूस सुमारे 40 लाख हेक्टरांवर आहे. परभणी, जळगाव, नांदेड, बीड, सगळीकडे पंप तोच आणि बिघाडही तेच. तू म्हणायचास की एवढ्याशा विषयावर पोट भरणार नाही. आपल्या एका तालुक्यापुरते ते खरेच होते.

उन्हाळ्याची अडचणही हळूहळू सुटली. दिवाळीनंतर लोक पंप गोठ्यात टांगून ठेवतात, बारा व्होल्टची बॅटरी सहा महिने उतरलेल्या अवस्थेत पडून राहते आणि जूनमध्ये ती चार्ज घेत नाही. आता मी दिवाळीपासूनच सांगत राहतो की टाकी तीनदा धुऊन स्वच्छ पाणी दोन मिनिटे चालवा आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करा. जे ऐकतात त्यांची बॅटरी वाचते, आणि जे ऐकत नाहीत ते मे महिन्यात माझ्याकडूनच नवी घेतात.

आता पुन्हा त्या प्रस्तावाकडे येतो. लोक मला रोज विचारतात, "भाऊ, कोणते औषध मारू? यात टॉनिक मिसळू काय?" मी इतक्या वर्षांत एकाही औषधाचे नाव घेतलेले नाही. डब्यावरचा त्रिकोण पाहा, लाल असेल तर विशेष जपा, लेबलवरचे प्रमाण वाचा आणि कृषी सहायकाला किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला विचारा, यापलीकडे मी जात नाही. पंप हा माझा विषय आहे आणि पंपात काय ओतावे हा माझा विषय नाही, म्हणूनच पंपाबद्दल मी बोललो तर ते ऐकतात. उद्या मी बाटली हातात धरली तर परभणीचा तो म्हातारा, जो मला दर शनिवारी उगाच फोन करतो, तो दुसऱ्या दिवशी ती बाटली आणून आधीच्या दोन औषधांत मिसळेल. तो मिसळेलच, गजानन. त्या वर्षी वार्डातल्या निम्म्या माणसांनी काय काय एकत्र केले होते, ते आपण दोघांनी आपल्या कानांनी ऐकले आहे.

टॉनिक सगळीच वाईट असतात असे मी म्हणत नाही. बायोस्टिम्युलंट, म्हणजे पिकाच्या वाढीला चालना देणारी अशी टॉनिके, 2021 पासून खत नियंत्रण आदेशात आले आहेत; म्हणून मी त्या माणसाला साधी गोष्ट विचारली की तुमच्या मालाचे कागद दाखवा आणि कोणत्या पिकाला मान्यता आहे ते सांगा. "पाठवतो" म्हणाला, ते अजून पाठवलेले नाहीत. आणि जाहिरात असल्याचे लपवायचे ही अट तर मला मुळीच मान्य नाही. पैसे घेऊन केलेली शिफारस तशी स्पष्ट सांगावी, असे जाहिरात मानक परिषदेचे मार्गदर्शक नियम 2021 पासून आहेत, यूट्यूबवरही त्यासाठी खूण करावी लागते. पण नियम नसता तरी लोकांना खोटा अनुभव सांगणे माझ्याने झाले नसते.

दुसरी बाजूही तुला सांगायला पाहिजे. विहिरीचे कर्ज आहे. मुलीला पुढच्या वर्षी अमरावतीला ठेवायचे आहे. हिने मला नाही म्हणायला एकदाही सांगितले नाही आणि हो म्हणायलाही नाही. काल रात्री पार्सले बांधताना तिने एवढेच विचारले की असा माणूस पुन्हा दारात येईल काय. मी म्हटले, येईल, कारण ज्या विषयात आपण इतकी वर्षे टिकलो तिथे दुसरे कोणी टिकलेले नाही. हे मी तिला धीर देण्यासाठी बोललो नाही, मला तसे मनापासून वाटते. मेच्या आधी बॅटऱ्यांचा साठा दुप्पट घ्यावा, परभणी आणि जळगावच्या एकेका कृषी केंद्रात आपले संच ठेवावेत, आणि संचासोबत हातमोजे, चष्मा, मास्क शक्य तितक्या कमी नफ्यात द्यावेत, असा माझा विचार आहे. मास्क कोणी घेत नाही, ऑगस्टच्या उकाड्यात तो कोणाला सहन होत नाही, हे मला माहीत आहे. तरी संचात आयता मिळाला तर दहातला एक तरी घालेल. त्या करारातून मिळाले असते तेवढे यातून एका वर्षात मिळणार नाही. तीन वर्षांत मिळेल असा माझा हिशेब आहे, आणि तो कागद सोबत जोडला आहे. तू हिशेबात माझ्यापेक्षा पक्का आहेस, तपासून पाहा.

तुझी नाईट शिफ्ट संपली काय? वहिनींना नमस्कार सांग. चिरंजीव तुझ्यासारखेच शाळेत भांडून येतात असे काकू सांगत होत्या, ऐकून बरे वाटले. दिवाळीला येताना दोन दिवस जास्त काढून ये, काकू वाट पाहतात.

चॅनलच्या खात्यावर मालक म्हणून अजून तुझेही नाव आहे, त्यामुळे करार केला तर त्यावर तुझी सही लागेल आणि नकार दिला तर तोही तुझ्या वतीने असेल. नकाराचे पत्र मी लिहून ठेवले आहे. पण ते पाठवण्याआधी तू दादांशी एकदा बोलावेस असे मला वाटते. पैशाची गरज तुमच्याही घरात आहे, आणि या बाबतीत दादांचा शब्द माझ्या शब्दापेक्षा मोठा आहे. ते हो म्हणाले तर का म्हणाले ते मला समजून घ्यायचे आहे. त्या माणसाला शुक्रवारी उत्तर द्यायचे आहे. गुरुवारपर्यंत फोन कर, रात्री नऊनंतर, तोवर माझी पार्सले बांधून झालेली असतात.

तुझा,
विलास