दुसरे गिऱ्हाईक

हॅरो, लंडन

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र शनिवारी मिळाले. तुझ्याजवळ शेअर असलेली ती छोटी तेल कंपनी कोणीतरी मोठी कंपनी घेणार अशी कुणकुण लागल्यापासून तुम्ही चौघे मित्र रोज संध्याकाळी भावाचा हिशेब मांडता आणि तो आकडा दर आठवड्याला वर सरकतो, असे तू लिहिले आहेस. २०१२ साली याच शहरात मी नेमका हाच काळ अनुभवला आहे, म्हणून आज सविस्तर लिहीत आहे.

तेव्हा माझ्याजवळ कोव्ह एनर्जी या कंपनीचे शेअर होते. लंडनच्या छोट्या कंपन्यांच्या बाजारात, म्हणजे एआयएमवर, तिची नोंदणी होती. कंपनी लहान असली तरी मोझांबिकच्या उत्तरेकडील रोवुमा खोऱ्यातल्या ‘एरिया १’ या समुद्री क्षेत्रात तिचा ८.५ टक्के हिस्सा होता. क्षेत्र चालवणारी अनादार्को ही अमेरिकन कंपनी तिथे एकामागून एक वायूचे साठे शोधत होती. आपल्या मुंबईच्या भारत पेट्रोलियमचा आणि औरंगाबादच्या व्हिडिओकॉनचाही त्यात प्रत्येकी १० टक्के वाटा होता. मला त्या कंपनीची ओळख झाली ती याच नावांमुळे.

जानेवारी २०१२ मध्ये कोव्हने स्वतःलाच विक्रीला काढले आणि आमचे हिशेब सुरू झाले. ते कसे चालत, ते ऐक. क्षेत्रात काढता येण्याजोगा वायू १५ ते ३० लाख कोटी घनफूट असल्याचा अनादार्कोचा अंदाज होता. वरचा आकडा धरला, त्याचे ८.५ टक्के काढले, हजार घनफुटांना एक डॉलर किंमत लावली आणि सुमारे ५१ कोटी शेअरांनी भागले, की एका शेअरचे पाच डॉलर, म्हणजे तीनशे पेन्सहून (शंभर पेन्सचा एक पौंड) अधिक येत. डॉलरऐवजी साठ सेंट धरले, की तोच भाव दोनशे पेन्सच्या आत येई. खालचा साठा धरला, की तोही निम्मा. गणित प्रत्येक वेळी बरोबर असे. मात्र जमिनीखालच्या, अजून एकही नळ न जोडलेल्या वायूला किती किंमत द्यायची हा आकडा ज्याचा त्याचा होता, आणि जो तो आपल्याला हवा तोच धरत असे. मीसुद्धा एक डॉलरच धरत होतो. तुमच्या चौघांच्या वहीतला असा आकडा कोणता आहे, तो आधी शोधून काढ.

२२ फेब्रुवारीला शेल या बड्या तेल कंपनीने एका शेअरला १९५ पेन्सची बोली लावली. कंपनीची एकूण किंमत ९९ कोटी पौंडांच्या वर गेली. दोनच दिवसांनी थायलंडची सरकारी कंपनी पीटीटीईपी २२० पेन्स घेऊन पुढे आली. आपल्या ओएनजीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांची नावेही वर्तमानपत्रांत येत होती, पण त्यांची बोली आली नाही. एप्रिलमध्ये शेलने २२०ची बरोबरी केली, मे महिन्याच्या मध्याला अनादार्कोने गोल्फिन्हो हा आणखी एक मोठा साठा जाहीर केला, आणि २३ मे रोजी थाई कंपनीने २४० पेन्स देऊ केले. विनायक, १९५चे २४० झाले ते आमच्या कोणाच्याही हिशेबामुळे नव्हे. थायलंडची वीज मुख्यतः वायूवर चालते आणि थायलंडच्या आखातातले त्या देशाचे स्वतःचे साठे आटत चालले आहेत. त्या थाई कंपनीला तो वायू मिळवणे भाग होते. शेलला तो हवा होता. गरज आणि इच्छा यांच्यातला हा फरक म्हणजेच आमचे वरचे पेन्स, असे मी आजही मानतो. दुसरे गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर उभे नसेल, तर पहिले गिऱ्हाईक स्वतःचाच भाव कशाला वाढवील?

यानंतरचे आठवडे मला अजून नीट आठवतात. शेल पुन्हा वर जाणारच, अशी सर्वांची खात्री झाली होती आणि बाजारात शेअर २४०च्या वर विकला जात होता. माझ्या पत्नीने तिच्या नावाचे शेअर त्याच दिवसांत विकले. मी थांबलो. ब्रिटनमधल्या कंपनी-खरेदीवर देखरेख ठेवणाऱ्या टेकओव्हर पॅनलने दोघांसाठी लिलावाची पद्धत ठरवून दिली, आणि १६ जुलैला शेलने आपण बोली वाढवणार नसल्याचे जाहीर केले. त्या दिवशी भाव खाली येऊन २४०च्या जवळ टेकला. मला २४० मिळाले आणि त्यात माझा तोटा झाला नाही, परंतु पत्नीला जास्त मिळाले, आणि ते मिळाले ते माझ्यासारख्यांच्या आशेतूनच.

आणखी एक गोष्ट आमच्या हिशेबात सुरुवातीला नव्हतीच, ती म्हणजे मोझांबिकचे सरकार. मालकी बदलायची तर तिथल्या मंत्रालयाची संमती लागणार होती, आणि त्या देशाने या व्यवहारावर १२.८ टक्के कर लावला. ज्या गरीब देशाच्या समुद्रात तो वायू होता, त्याने आपला वाटा मागितला यात मला काहीही वावगे वाटत नाही. ते आम्ही गृहीत धरले नव्हते ही चूक आमची होती.

पुढच्याच वर्षी ओएनजीसी विदेश आणि ऑइल इंडिया यांनी व्हिडिओकॉनचा १० टक्के हिस्सा सुमारे २४८ कोटी डॉलरना घेतला आणि ओएनजीसी विदेशने अनादार्कोकडून आणखी १० टक्के २६४ कोटी डॉलरना घेतले. आमच्यातले काही जण तेव्हा फार हळहळले, कारण कोव्हच्या ८.५ टक्क्यांसाठी, केनियातल्या तेलशोधाच्या क्षेत्रांसह, सुमारे १९० कोटी डॉलरच आले होते. पण मार्च २०२१ मध्ये पाल्मा गावावर बंडखोरांचा भीषण हल्ला झाला, कित्येक माणसे मारली गेली आणि एप्रिलमध्ये प्रकल्पाचे काम थांबले. त्या क्षेत्रातून वायूचे एकही जहाज अजून निघालेले नाही.

आता तुझ्याविषयी. कोव्ह पूर्ण विकली गेली, म्हणून आमचे सगळे शेअर घेतले गेले. भारतात मात्र कोणाकडे कंपनीचे २५ टक्के किंवा अधिक शेअर जाणार असतील, तर त्याला किमान २६ टक्क्यांसाठी खुली ऑफर, म्हणजे इतर भागधारकांचे शेअर विकत घेण्याचा जाहीर प्रस्ताव, द्यावी लागते. त्याहून जास्त शेअर पुढे आले, तर तुझ्या शेअरांपैकी काहीच घेतले जातील आणि उरलेले नव्या मालकाच्या हाताखाली तुझ्याकडेच राहतील. तेव्हा ‘भाव किती’ इतकेच नव्हे, तर ‘किती शेअरांना तो भाव’ हेही वहीत लिही. शिवाय तेलक्षेत्रातला हिस्सा दुसऱ्याच्या नावावर करायला केंद्र सरकारची संमती लागते, आणि तिला किती वेळ लागेल हे कोणी सांगू शकत नाही.

कंपनीचा ताजा वार्षिक अहवाल मला पाठव. तिच्या क्षेत्रांत भागीदार कोण आहेत, करार कधी संपतात आणि विहिरींतून प्रत्यक्ष किती तेल निघते, एवढे मला पाहायचे आहे. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसे यात असतील, तर तेवढे शेअर आजच्या भावाने आधी काढून घे आणि मग उरलेल्यांचा विचार आपण दोघे मिळून करू.

सुनीतावहिनींना माझा नमस्कार सांग.

तुझा,
श्रीधर