झटके कॅमेऱ्याचे नव्हे, शटरचे

संपादक महोदय, स.न.वि.वि.

मराठवाड्यातील लघुपटांवरच्या आपल्या पुरवणीतील लेखात, महागडा कॅमेरा नसल्याने दर्जा घसरतो असा सूर आहे. तो पटत नाही. आपल्याकडचे उन्हातले चित्रण झटके खाल्ल्यासारखे दिसते, त्याला बहुतेकदा शटर स्पीड, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर (चित्रावर) किती वेळ प्रकाश पडतो ते, जबाबदार असतो.

सेकंदाला 25 फ्रेम घेताना शटर 1/50 सेकंदावर ठेवले की हालचालीला डोळ्यांना सवयीचा पुसटपणा येतो. ऑटोवर सोडलेला मोबाइल मात्र एप्रिलच्या दुपारी 1/1000 च्याही पुढे जातो. मग चालत्या बैलांचे पाय, वाऱ्यावर उफणलेला भुसा, सगळे तुटक दिसू लागते. रखरखीत उन्हात आयएसओ (प्रकाशाला कॅमेऱ्याची संवेदनशीलता) 100 आणि शटर 1/100 ला लेन्सचे छिद्र साधारण एफ 16 इतके लहान लागते. तेव्हा 1/50 वर एफ 4, म्हणजे मोठे छिद्र, हवे असेल, तर पाच स्टॉप प्रकाश अडवावा लागतो (दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो), म्हणजे एनडी 32 फिल्टर, लेन्सवर लावायची गडद काच. स्वस्त व्हेरिएबल (फिरवून गडदपणा बदलणारा) एनडी शेवटपर्यंत फिरवला की वाइड लेन्सवर आभाळात काळी फुली उमटते. ठरावीक ताकदीचाच घ्यावा. मांडवातल्या दिव्यांखालीही 1/50 किंवा 1/100 च ठेवावे. आपली वीज 50 हर्ट्झची, 1/60 वर पट्टे सरकताना दिसू शकतात.

गिंबलचे, म्हणजे मोटरच्या जोरावर कॅमेरा स्थिर धरणाऱ्या दांड्याचे, वेड वेगळेच. बॅटरी, कार्ड, लेन्स बसवून, झाकण काढून मगच तोल साधायचा: टिल्ट (वर-खाली झुकणे), रोल (बाजूला कलणे), शेवटी पॅन (डावी-उजवीकडे वळणे). मोटर बंद असताना कॅमेरा ठेवाल तिथे थांबला पाहिजे, नाहीतर मोटर घरघरते आणि चित्रात बारीक थरथर येते. गिंबल डोलणे सावरतो, पावलागणिक होणारी वर-खाली उसळी नाही. ती गुडघे किंचित वाकवून चालल्यानेच कमी होते. पण बांधावरचे भांडणही लग्नाच्या व्हिडिओसारखे तरंगत का दाखवायचे? तिथे कोपरे अंगाशी धरून हातातला कॅमेराच बोलतो.

वेरूळच्या कैलास लेण्यात झरकन पॅन केला की खांब तिरके होतात, कारण बहुतेक सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतात. एखादी वस्तू चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला जायला सातेक सेकंद द्यावीत.

भाड्याने कॅमेरा घेणाऱ्यांनी एनडी सोबतच मागून घ्यावा आणि लेन्सच्या पुढच्या कडेवरचा व्यासाचा आकडा, 67 की 77 मिमी, दुकानदाराला आधीच सांगावा.

— एक छायालेखक, परभणी