सुटा भाग नसेल तर निदान माप तरी द्या

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

आयात केलेली स्वस्त मोटारसायकल घ्यायची आणि मग सुटे भाग मिळत नाहीत म्हणून गळा काढायचा, अशा लोकांची कीव करू नये, असं एका वाचकाचं पत्र आपल्या अंकात वाचलं. त्यातला अर्धा भाग मला मान्य आहे. आमच्या मुलाने दीडशे सीसीची अशीच गाडी घेतली तेव्हा मीही मान डोलावली होती. उंच गाडी, रुंद हँडल, टाकीवर मोठं झोकदार नाव. फसलो असेन तर दोघेही फसलो.

पण मी एकतीस वर्षं एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली आहेत. म्हणजे 'नाही' म्हणण्याचा पगार घेतला आहे म्हणा ना! त्यामुळे 'नाही'चे दोन प्रकार असतात हे मला पक्कं ठाऊक आहे. एक, वस्तू संपली आहे. दुसरा, तुम्ही कोणती वस्तू मागताय तेच मला कळत नाही. विक्रेत्याच्या काउंटरवर मला दरवेळी पहिलं उत्तर मिळालं आणि घरी येऊन गाडी उघडली की खरं कारण दुसरं निघालं. तेवढंच सांगायला हे पत्र.

पहिल्या वर्षीच पुढच्या चाकातून घरघर यायला लागली. काउंटरवरच्या मुलाने संगणकात पाहिलं आणि 'पूर्ण हब (चाकाचा मधला गाभा) मागवावा लागेल, तीन महिने धरा' असं सांगितलं. मी चाक काढलं, बेअरिंग ठोकून बाहेर घेतलं, रॉकेलमध्ये धुतलं. कडेवर स्वच्छ कोरलेलं होतं: ६३०१. आता ज्याने चार दिवस स्टोअरमध्ये काढले असतील त्यालाही हे कळतं. शेवटच्या दोन आकड्यांवरून आतलं भोक समजतं: ०० म्हणजे दहा मिलिमीटर, ०१ म्हणजे बारा, ०२ म्हणजे पंधरा, ०३ म्हणजे सतरा, आणि ०४ पासून पुढे सरळ पाचाने गुणायचं. ६३०१ म्हणजे आतून १२, बाहेरून ३७, रुंदी १२. हे बेअरिंग जगभर याच मापाचं असतं. मोटारीत, पंपात, पंख्यात, कुठेही. बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात ते पडलेलं असतं. त्याच दिवशी संध्याकाळी चाक फिरत होतं. म्हणजे ते तीन महिने ज्या वस्तूसाठी धरायला सांगितले होते, ती कधी दुर्मीळ नव्हतीच.

तेव्हापासून मी गाडीची एक वही घातली.

वहीच्या पहिल्या पानावर इंजिनाचा क्रमांक आहे. सिलिंडरच्या खाली, डाव्या अंगाला कोरलेला: १६२एफएमजे. आधी मला वाटलं हा कारखान्याचा काही अंतर्गत आकडा असेल. तसं नाही. पहिला १ म्हणजे एक सिलिंडर, ६२ म्हणजे बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भोकाचा, व्यास मिलिमीटरमध्ये, एफ म्हणजे हवेने थंड होणारं, एम म्हणजे मोटारसायकलचं, आणि जे म्हणजे दीडशेचा गट; एकशेपंचवीसला आय असतो, दोनशेला एल. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ४९.५ मिलिमीटर आहे. बासष्टचा बोअर आणि हा स्ट्रोक घेऊन गुणाकार करून पाहिला, १४९.४ घनसेंटिमीटर आलं. त्या रात्री मला फार बरं वाटलं, हे कबूल करतो. टाकीवरचं नाव मला काहीही सांगत नव्हतं आणि हा कोरलेला क्रमांक सगळं सांगत होता.

आणि घराणंही कळलं. होंडाने १९७६ साली सीजी १२५ नावाची गाडी काढली. तेल वेळेवर बदललं जाणार नाही, निगा फारशी राखली जाणार नाही, असं धरूनच तिचं इंजिन आखलेलं होतं: व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट खाली, त्याची हालचाल वर ढकलणाऱ्या काड्या म्हणजे पुशरॉड, त्यामुळे टायमिंग चेनचं झेंगट नाही. चीनमधल्या कितीतरी कारखान्यांनी पुढे याच इंजिनाच्या आवृत्त्या काढल्या. आमच्या गाडीचं इंजिन त्याच घराण्यातलं. तेव्हा रिंगा, क्लचच्या प्लेटा, व्हॉल्व्ह ही मंडळी परकी नव्हेत. मात्र डोळे मिटून घ्यायची नाहीत. बोअर सारखा असला तरी पिस्टनच्या पिनेचा व्यास वेगळा असू शकतो, पिनेपासून माथ्यापर्यंतची उंची वेगळी असू शकते. जुना पिस्टन खिशात आणि व्हर्नियर (बारीक मापं घेणारी पट्टी) हातात असल्याशिवाय दुकानात जाऊ नये.

नावांचा घोळ तर विचारूच नका. एकच गाडी, एकाच कारखान्यात बनलेली, वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या नावांनी विकली जाते. आयातदार बदलला की टाकीवरचं स्टिकर बदलतं. त्यामुळे स्टिकरवरच्या नावाने भाग शोधणं म्हणजे लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणीला माहेरच्या आडनावाने शोधण्यासारखं. चासीवर सतरा अक्षरांचा क्रमांक असतो, तो धरावा. सुरुवात एल अक्षराने असेल तर गाडी चीनमध्ये बनलेली. (त्या सतरा अक्षरांत आय, ओ आणि क्यू कधीच वापरत नाहीत, एक आणि शून्याशी गोंधळ होऊ नये म्हणून. ज्या कुणी हे ठरवलं त्याने आयुष्यात कधीतरी स्टोअरमध्ये काम केलं असणार.)

आता आमची फजिती. गाडी तापली की बंद पडायची, अर्ध्या तासाने पुन्हा चालू. मेकॅनिक म्हणाला, 'काका, सीडीआय गेला.' सीडीआय म्हणजे प्लगला ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा. विक्रेत्याकडे सीडीआय नव्हता. मेकॅनिकने दुसऱ्या गाडीचा आणला, खटकन बसला, तीच सहा पिनांची जोडणी. चार किका मारल्या आणि जळका वास आला. झालं होतं असं की सीडीआय दोन जातींचे असतात. एक बॅटरीच्या बारा व्होल्टवर चालतो. दुसऱ्याला मॅग्नेटमधल्या वेगळ्या कॉइलकडून वीज मिळते आणि ती शंभर व्होल्टच्याही वर जाते. आमची गाडी दुसऱ्या जातीची, आणि आम्ही तिला पहिल्या जातीचा डबा लावला. बाराची सवय असलेल्या डब्याला शंभरचा झटका बसला, बिचारा गेला. पिना सारख्या म्हणजे वायरी सारख्या, हे आमचं गृहीतक होतं.

आणि मूळ सीडीआय तर धडधाकटच होता! दोष पिकअप कॉइलचा, म्हणजे ठिणगी केव्हा द्यायची ते सीडीआयला कळवणाऱ्या कॉइलचा. थंड असताना मल्टिमीटरवर दीडशे ओहमच्या आसपास दाखवायची, इंजिन तापलं की आतली तार सुटायची आणि मीटर काहीच दाखवेना. गाडी गरम असताना मोजायला हवं, हे सुचायला मला दोन आठवडे लागले. त्या दोन आठवड्यांत मुलगा बसने कामाला गेला आणि घरात माझ्याशी कुणी फारसं बोललं नाही. कॉइल पुढे त्याच घराण्यातल्या इंजिनाची मिळाली. पण सीटखाली वायरिंगचा हातभर नकाशा चिकटवलेला असता तर जळालेला डबाही वाचला असता आणि ते दोन आठवडेही.

गिअर शाफ्टच्या ऑइल सीलने, म्हणजे शाफ्टभोवती तेल अडवणाऱ्या रबरी कडीने, माझी आणखी जिरवली. सीलवर आकडे होते १३.८, २४, ५: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. मी म्हटलं, १३.८ हे काय माप आहे? तेरा असेल, चौदा असेल. छपाई चुकली असणार. एकतीस वर्षांचा अनुभव बोलत होता. चौदाचा सील आणून बसवला आणि दुसऱ्या दिवशी गाडीखाली तेलाचं थारोळं. १३.८ हेच खरं माप होतं. सीलच्या बाबतीत दोन दशांश मिलिमीटर म्हणजे गळणं आणि न गळणं यांतला फरक. वहीत त्या ओळीखाली मी दोन रेघा मारल्या आहेत.

बोल्टांविषयी फार लिहीत नाही. मूळ बोल्ट मऊ आहेत. डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा आकडा लिहिलेले चांगले बोल्ट घ्यावेत आणि सहा मिलिमीटरचा बोल्ट ॲल्युमिनियमच्या अंगात साधारण दहा न्यूटन मीटरवर (पिळण्याच्या जोराचं माप) थांबवावा. त्यापुढे जोर लावला तर बोल्ट टिकतो पण अंगातले आटे जातात.

एक मात्र स्पष्ट सांगतो, नाहीतर कुणी म्हणेल म्हातारा जुगाड शिकवतोय. ब्रेकच्या बाबतीत मी हात आखडता घेतो. पॅड दुसऱ्या कंपनीचे चालतात, पाठीमागच्या पत्र्याचा आकार तंतोतंत जुळला तर. घासून, कापून बसवलेला पॅड मला चालत नाही. ब्रेकची नळी, हँडलच्या मानेतल्या बेअरिंगच्या वाट्या, चाकाचा ॲक्सल, यांत 'जवळपास बसतंय' हा शब्द वापरायचा नाही. माप मिळत नसेल तर गाडी उभी राहू दे. आमची एकदा पाच आठवडे उभी होती.

ज्यांना खरोखर पर्याय नाही असे भागही आहेत, ते नाकारत नाही. बाजूची प्लास्टिकची पॅनेलं, मीटरचा डबा, मागच्या दिव्याची लाल काच, किल्ली-कुलपांचा संच. या वस्तूंना जगाचं प्रमाण माप नसतं, त्या कारखान्याकडूनच याव्या लागतात. तिथे आयातदाराने साठा ठेवलाच पाहिजे, आणि किती वर्षं ठेवणार ते गाडी विकतानाच लिहून दिलं पाहिजे. पण माझ्या वहीत आजवर दुरुस्तीच्या एकवीस नोंदी आहेत आणि त्यांतल्या फक्त चार अशा वस्तूंच्या आहेत. उरलेल्या सतरा वेळा मला वस्तूची वाट पाहायची नव्हती. मला एक आकडा हवा होता. बेअरिंगचा क्रमांक, सीलची तीन मापं, चेन ४२८ची आहे की ५२०ची, स्प्रॉकेटचे दात आणि बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, क्लच केबलची बाहेरची आणि आतली लांबी, कार्बोरेटरच्या जेटचे आकडे. हे सगळं कारखान्याकडे असतंच. त्याशिवाय गाडी जोडलीच जात नाही. चार पानांत मावतं. गोदाम लागत नाही, जहाज लागत नाही. ही चार पानं गाडीच्या पुस्तिकेत छापायला आयातदाराला कसली अडचण आहे? त्या पुस्तिकेत हेल्मेट कसं पुसावं यावर अख्खं पान आहे, ते काढा हवं तर.

आपल्यालाही एक विनंती आहे. नव्या गाड्यांची ओळख आपण छापता तेव्हा वेग, सरासरी, सीटची उंची असा तक्ता देता. त्यात एक ओळ वाढवा: सुट्या भागांची यादी मापांसह खुली आहे का? 'हो' किंवा 'नाही' इतकंच छापा. गाडी घेण्याआधी मुलाने तो तक्ता वाचला होता, मीही वाचला होता.

आणि आपल्या वाचकांपैकी कुणाकडे याच १६२एफएमजे इंजिनाची गाडी असेल, तर किक शाफ्टच्या सीलवरचे आकडे वाचून कृपया आपल्या सदराकडे कळवावेत. आमच्या सीलवरचे पार पुसले गेले आहेत. शाफ्ट मोजला आहे, पण १३.८ नंतर माझा माझ्या व्हर्नियरवर पूर्वीइतका विश्वास राहिलेला नाही.

आपला,
एक निवृत्त स्टोअरकीपर