नेटवर्कवरील स्टोरेजलाही ओळख पटवल्याशिवाय प्रवेश नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सायबर सुरक्षेचा विषय निघाला की बोलणे बहुधा ओटीपी, बनावट लिंक आणि मोबाइलचे पासवर्ड यांपाशीच थांबते. एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले आभासी संगणक, चालतात आणि त्यांच्या डिस्क नेटवर्कवरच्या सामायिक स्टोरेजवर असतात, तिथे जोडणी मागणाऱ्या सर्व्हरची ओळख पडताळली जाते की नाही, याची चौकशी मात्र क्वचितच होते. व्हर्च्युअलायझेशनचे व्यवस्थापन करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्टोरेज जोडतानाच ही पडताळणी मागितली जावी, यासाठी हे पत्र.

आयस्कझी (iSCSI) हा नेटवर्कवरून डिस्क जोडण्यासाठी सर्रास वापरला जाणारा प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांमधल्या संवादाची नियमावली, 2004 मध्ये प्रमाणित झाला. त्यात जोडणी मागणारा सर्व्हर स्टोरेजला आपले 'आयक्यूएन' हे नाव सांगतो. पुष्कळ ठिकाणी अशा नावांची यादी करून प्रवेश दिला जातो आणि तेवढ्यावरच निभावले जाते. पण लिनक्सवर हे नाव म्हणजे एका साध्या फाइलमधली एक ओळ असते आणि सर्व्हरवर प्रशासकाचे अधिकार असलेला कोणीही ती बदलून दुसऱ्या सर्व्हरचे नाव लावू शकतो. जोडणी मिळाली की डिस्क कच्च्या ब्लॉकच्या, म्हणजे फाइलींऐवजी नुसत्या डेटाच्या तुकड्यांच्या, रूपात हाती येते, आणि ती एन्क्रिप्ट केलेली नसेल तर व्हर्च्युअल मशीनच्या आतले लॉगिन किंवा फाइलींच्या परवानग्या कशाचाच अडसर उरत नाही. यासाठी हल्लेखोरच लागतो असेही नाही. चुकून दुसऱ्याच सर्व्हरने तीच डिस्क जोडली आणि दोघे एकाच वेळी लिहू लागले, तर साधी फाइल सिस्टिम पार बिघडते.

यावरचा 'चॅप' (CHAP) हा ओळख पडताळण्याचा उपाय आयस्कझीपेक्षाही जुना, 1996 च्या प्रमाणातला आहे. त्यात पासवर्ड नेटवर्कवरून जात नाही. स्टोरेज एक यादृच्छिक आव्हान पाठवते आणि पासवर्ड ठाऊक असणाऱ्यालाच त्यावरून योग्य उत्तर काढता येते. हवे तर सर्व्हरही उलट स्टोरेजची ओळख तपासू शकतो. अर्थात ही देवाणघेवाण टिपून घेणाऱ्याला पासवर्ड कच्चा असल्यास तो सवडीने शोधून काढता येतो, शिवाय डेटा उघडाच राहतो. म्हणून पासवर्ड लांब व यादृच्छिक हवा आणि स्टोरेजचे नेटवर्कही वेगळे हवे. तरीही मुळात काहीच न विचारण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

खरी मेख पासवर्ड कुठे ठेवायचा यात आहे. व्हर्च्युअल मशीनचे व्यवस्थापन करणाऱ्या लिबव्हर्ट या मुक्त प्रणालीत पूर्वी तो स्टोरेज पूलच्या (जोडलेल्या स्टोरेजच्या नोंदीच्या) एक्सएमएल वर्णनातच, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलमध्येच, लिहावा लागे, आणि हेच वर्णन बॅकअपमध्ये जाते, सहकाऱ्यांना पाठवले जाते, मदत मागताना जसेच्या तसे चिकटवले जाते. पुढे 'सीक्रेट' ही वेगळी नोंद वापरता येऊ लागली. आता वर्णनात वापरकर्त्याचे नाव आणि त्या नोंदीचा नुसता संदर्भ राहतो. ही नोंद 'खासगी' ठेवली तर तिचे मूल्य व्यवस्थापन साधनातून पुन्हा वाचता येत नाही. ती डिस्कवर न लिहिण्याचीही सोय आहे, पण मग लिबव्हर्टची सेवा किंवा सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर कोणीतरी पासवर्ड दिल्याशिवाय पूल जोडला जात नाही. तसेच व्हर्च्युअल मशीन दुसऱ्या सर्व्हरवर हलवायची असेल, तर तिथेही स्टोरेजचा पासवर्ड आधीपासून असावा लागतो. घाईत नेमके हेच राहून जाते, आणि मग वैतागून पडताळणीच बंद केली जाते.

म्हणूनच सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांना विनंती, की स्टोरेज जोडण्याच्या पहिल्याच पडद्यावर नाव व पासवर्डाच्या जागा असाव्यात, 'प्रगत पर्याय' या आडोशाला नव्हेत. त्या रिकाम्या सोडल्यास स्पष्ट इशारा मिळावा. आणि पासवर्ड गटातील सर्व सर्व्हरवर सुरक्षितपणे पोहोचवण्याचे काम सॉफ्टवेअरनेच करावे. ही प्रणाली विकत घेणाऱ्या संस्थांनीही खरेदीच्या अटींत या तीन गोष्टी लिहून घ्याव्यात आणि स्वीकृतीच्या चाचणीत चुकीचा पासवर्ड देऊन जोडणी नाकारली जाते की नाही, हे समक्ष पाहावे.

आपला,
एक प्रणाली प्रशासक