उपाशी साप आणि जबरदस्तीचा घास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरातील साप खात नाही म्हणून काळजीत पडलेले तीन-चार सर्पपालक गेल्या दोन हिवाळ्यांत माझ्याकडे आले आणि त्या प्रत्येकाला कोणीतरी आधीच ‘तोंड उघडून भरवा’ असे सांगून ठेवले होते. हा सल्ला किती घातक आहे, हे मी स्वतःच्या हातून घडलेल्या चुकीमुळे जाणतो, म्हणून हे पत्र.

माझ्याकडे रीतसर नोंदणी केलेला नर बॉल पायथन आहे. पश्चिम व मध्य आफ्रिकेतला हा बिनविषारी अजगर. त्याने एका डिसेंबरात खाणे थांबवले. चिमट्यात धरलेला उंदीर तो दोनदा जिभेने चाचपून पाही, मान मागे घेई आणि खापराखाली जाऊन वेटोळे घालून बसे. पाचव्या आठवड्यात माझा धीर सुटला. ज्या दुकानातून उंदीर आणत असे तिथल्या माणसाच्या सांगण्यावरून मी लाकडी काडीने त्याचा जबडा उघडला आणि घास आत ढकलला. तासाभरात त्याने तो बाहेर टाकला. चार दिवसांनी हिरडीवर पिवळट थर दिसू लागला आणि उपचारासाठी त्याला पुण्याला न्यावे लागले.

तिथल्या डॉक्टरांनी औषधाआधी पेटीतल्या तापमानाची चौकशी केली. राजारामपुरीतील आमची खोली तळमजल्यावर असून हिवाळ्यात चांगलीच गारठते. पेटीच्या काचेवर वरच्या बाजूला चिकटवलेला तापमापक ३० अंश दाखवीत होता, पण साप जिथे पोट टेकून बसतो त्या तळाशी मोजल्यावर जेमतेम २४ अंश भरले. सापाला अंगची ऊब नसते; बाहेरून ऊब मिळाली नाही तर पचन मंदावते आणि गिळलेले भक्ष्य पोटातच कुजू लागते. म्हणजे ज्याला मी हट्ट समजत होतो, ते त्याच्या शरीराचे शहाणपण होते. या जातीला पेटीची एक बाजू ३१ ते ३२ अंश आणि दुसरी २६ अंशांच्या आसपास लागते, आणि दोन्हीकडे अंग चोरून बसता येईल अशी अंधारी जागा हवी.

ऊब योग्य असूनही साप खात नसेल, तर डोळे निळसर-दुधी झाले आहेत का, हे पाहावे. कात टाकण्यापूर्वी बहुतेक साप अन्नाला तोंड लावत नाहीत. वयात आलेले नर हिवाळ्यात, त्यांच्या विणीच्या काळात, महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतात. गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून, गरम पाण्यात अंगाएवढा कोमट करून, अंधार पडल्यावर द्यावा, कारण या सापाच्या ओठांवरील खाचांना उष्णता जाणवते. जिवंत उंदीर पेटीत सोडून मात्र कधीही जाऊ नये. निपचित पडलेल्या सापाला तो कुरतडतो. आठवड्याला वजन करावे. ते दहा टक्क्यांहून अधिक घटले, साप तोंड उघडे ठेवून श्वास घेऊ लागला किंवा नाकातोंडाशी बुडबुडे दिसले, तर डॉक्टर गाठावा. पिल्लांच्या बाबतीत इतकीही वाट पाहू नये.

शेतात सापडलेली धामण किंवा नाग घरी ठेवून ‘खात नाही’ म्हणून दूध पाजणारेही आपल्या जिल्ह्यात आहेत. दूध हे सापाचे अन्नच नव्हे. तहानेने व्याकूळ झालेला साप पुढे येईल त्या द्रवाला तोंड लावतो, आणि पकडलेला साप खात नाही तो मुख्यतः भीतीने. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार असे साप बाळगणे गुन्हा आहे. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. परदेशी जातींपैकी ज्या ‘साइट्स’ या वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, त्यांची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे.

नोंदणी सरकारने सक्तीची केली, तर आजारी साप दाखवायला जागाही हवी. कोल्हापुरातील सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला डॉक्टर आठवड्यातून निदान एक दिवस बसावा, अशी पशुसंवर्धन विभागाला माझी विनंती आहे. माझ्या सापाने सतराव्या आठवड्यात आपणहून उंदीर घेतला. तोवर त्याचे वजन अवघे ९० ग्रॅमने घटले होते. हिरडीवरचा व्रण मात्र अजून दिसतो.

आपला नम्र,
एक सर्पपालक, राजारामपुरी, कोल्हापूर